बक परिवर्तकातील प्रवर्तक व धारित्र यांची निवड : एका ठोकताळ्याचा इतिहास

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत काही आकडे असे आढळतात की ते कोणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत ठरविले याचा उल्लेख तेथे नसतो. ते नियमासारखे शिकविले जातात व नियमासारखेच परीक्षेत विचारले जातात. बक परिवर्तकाच्या आराखड्यात येणारा ‘तीस टक्के’ हा असाच एक आकडा होय. प्रवर्तकातील प्रवाहाची लहर पूर्ण भारप्रवाहाच्या वीस ते चाळीस टक्के, सर्वसाधारणपणे तीस टक्के, गृहीत धरावी, त्यावरून प्रवर्तकाचे मूल्य काढावे आणि मग प्रदान दाबातील लहरीच्या मर्यादेवरून धारित्र निवडावे, अशी ही रीत आहे. पदवी अभ्यासक्रमात ती एका तासिकेत आटोपते.

हा आकडा भौतिकशास्त्राच्या कोणत्याही नियमातून निघत नाही. लोखंड, तांबे, सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या त्या त्या काळातील किंमतींचा व मर्यादांचा तो साचलेला गाळ आहे. शिवाय हा गाळ एका थराचा नाही. आकडा तोच राहिला, परंतु त्यामागचे कारण निदान दोनदा पालटले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. कारण ठाऊक नसेल तर आकडा कोठे सोडावा हेही ठाऊक नसते, आणि त्याची किंमत प्रयोगशाळेत मोजावी लागते. त्याचे एक उदाहरण पुढे येईल.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. विश्वकोशीय परंपरेस अनुसरून येथे प्रवर्तक व धारित्र हे शब्द योजले आहेत. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हेच घटक मागावयाचे झाल्यास ‘कॉइल’ किंवा ‘चोक’ आणि ‘कंडेन्सर’ असेच म्हणावे लागते. यांपैकी ‘चोक’ हा शब्द या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण इतिहासाचा धागा त्या शब्दातच अडकलेला आहे.

बक परिवर्तकाचे कार्य

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी मूळ रचना थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. बारा व्होल्टांच्या उगमापासून पाच व्होल्ट हवे असतील, तर जास्तीचे सात व्होल्ट रोधात जाळून टाकणे हा एक मार्ग झाला. त्यात निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. दुसरा मार्ग असा की, उगम स्विचाद्वारे भराभर जोडावा व तोडावा आणि जोडलेला काळ एकूण काळाच्या पाच बारांश ठेवावा. सरासरी आपोआप पाच व्होल्ट येते. प्रश्न उरतो तो या तुटक पुरवठ्याला सलग करण्याचा.

येथे मोटेचे उदाहरण उपयोगी पडते. मोट वर येते तेव्हाच पाणी थारोळ्यात पडते, मधल्या काळात काहीच पडत नाही. तरी पाट अखंड वाहतो, कारण थारोळे तो खंड भरून काढते. धारित्र हे परिवर्तकाचे थारोळे होय. प्रवर्तकाचे साम्य मात्र जात्याच्या वरच्या जड तळीशी आहे. दळणारीचा हात क्षणभर सैल पडला तरी तळी फिरत राहते, आणि जोर लावला तरी ती एकदम वेग घेत नाही. स्विच बंद असताना म्हणजे मंडल जुळलेले असताना प्रवर्तकावर सात व्होल्ट येतात व त्यातील प्रवाह सरळ रेषेत वाढतो. स्विच उघडताच तो प्रवाह डायोडमार्गे वाहत राहतो आणि पाच व्होल्टांच्या विरोधामुळे सरळ रेषेत घटतो. या चढउतारालाच लहर म्हणतात. तिचे मान प्रवर्तकावरील दाबाला त्या दाबाच्या कालावधीने गुणून व प्रवर्तकत्वाने भागून मिळते. लहर कमी करावयाची तर प्रवर्तकत्व वाढविणे किंवा काळ कमी करणे, म्हणजेच स्विचाची वारंवारता वाढविणे, हे दोनच उपाय उरतात. पुढील सारा इतिहास या दोन उपायांमधील घासाघिशीचा आहे.

निर्वात नलिकांचा वारसा

बक परिवर्तकाच्या आराखड्याची मुळे ट्रान्झिस्टरच्या जन्मापूर्वीची आहेत. १९२० व १९३० च्या दशकांतील रेडिओ ग्राहकांत आणि प्रेषकांत प्रत्यावर्ती वीज एकदिश करून ती सपाट करण्यासाठी लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले मोठे वेटोळे व त्यामागे धारित्र अशी जोडी वापरली जाई. प्रवाहाच्या चढउताराचा गळा आवळणारे म्हणून त्या वेटोळ्याला चोक हे नाव पडले. या मंडलाचा एक विचित्र गुण अभियंत्यांच्या लवकरच ध्यानी आला. चोकमधील प्रवाह अखंड वाहत असेल तोवर प्रदान दाब एकदिश केलेल्या तरंगाच्या सरासरीइतका, म्हणजे वर्ग-माध्य-मूळ दाबाच्या सुमारे नव्वद टक्के राहतो. भार कमी होऊन प्रवाह प्रत्येक आवर्तनात मध्येच शून्यावर येऊ लागला की हाच दाब वर सरकत शिखरमूल्याकडे, म्हणजे एकशे एक्केचाळीस टक्क्यांकडे जातो. ही घसरण टाळण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रवर्तकत्वास ‘क्रांतिक प्रवर्तकत्व’ म्हटले जाई. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर पूर्णतरंग एकदिशकारकासाठी भाररोधाला सुमारे ९४० ने भागले असता ते हेन्रीमध्ये मिळते.

हे सूत्र वापरून पाहिले म्हणजे त्या काळच्या अभियंत्याची अडचण उमगते. ३०० व्होल्ट व १०० मिलिअँपिअर हा पूर्ण भार धरला तर रोध ३,००० ओहम, आणि चोक सुमारे ३.२ हेन्रीचा. हे साधण्याजोगे होते. परंतु भार दहा मिलिअँपिअरवर उतरला की चोक ३२ हेन्रींचा हवा, आणि भार शून्य झाला तर अनंत हेन्रींचा! यावर दोन तोडगे निघाले. पहिला असा की, प्रदानाला समांतर एक रोध कायमचा जोडून ठेवावयाचा, जेणेकरून काही किमान प्रवाह नेहमी वाहत राहील. यासाठी पूर्ण भाराचा दहावा हिस्सा खर्ची घालण्याचा प्रघात होता. दुसरा तोडगा अधिक चतुर होता. चोकचा गाभा मुद्दाम असा बनवावयाचा की मोठ्या प्रवाहाला तो अंशतः संपृक्त होऊन प्रवर्तकत्व कमी व्हावे आणि लहान प्रवाहाला ते आपोआप वाढावे. अशा वेटोळ्याला ‘झुलता चोक’ म्हणत. आज चूर्णगाभ्याच्या प्रवर्तकांचे ‘हळूवार संपृक्ती’ म्हणून जे कौतुक केले जाते ते याच जुन्या गुणाचे होय.

बक परिवर्तक आणि हा चोक-गाळक यांत तत्त्वतः भेद नाही. एकात एकदिश केलेली ज्यावक्री लहर आत येते, दुसऱ्यात चौकोनी स्पंद. दोहोंतही प्रवर्तकातील प्रवाह अखंड असेल तोवरच प्रदान दाब सरासरीचा साधा नियम पाळतो. साहजिकच पहिल्या पिढीच्या परिवर्तक-अभियंत्यांनी जो निकष हाती होता तोच उचलला. किमान भारालाही प्रवाह तुटू नये, एवढा मोठा प्रवर्तक घ्यावा. किमान भार किती धरावा? पूर्ण भाराच्या एक दशांश. प्रवाह ज्या भाराला तुटण्याच्या सीमेवर येतो त्या भाराची दुप्पट म्हणजे लहरीची उंची. म्हणून लहर पूर्ण भाराच्या वीस टक्के. अब्राहम प्रेसमन यांच्या १९९१ मधील ग्रंथात बक परिवर्तकाच्या प्रवर्तकाचे सूत्र नेमके याच वाटेने सिद्ध केलेले आहे. तेथील दशांश आणि नलिकायुगातील किमान भाराचा दशांश यांचे नाते असावे, हा माझा तर्क आहे. तो पुराव्याने सिद्ध झालेला दुवा म्हणून मी मांडत नाही. परंतु दोहोंतील युक्तिवाद शब्दशः एकच आहे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गाभ्यांची कथा आणि वीस किलोहर्ट्‌झ

निकष जुना असला तरी साहित्य नवे होते. पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा ५० हर्ट्‌झला ठीक चालतो. वारंवारता हजारपट केली तर त्यातील आवर्त प्रवाह त्याला तापवून टाकतात. पर्याय टेलिफोन व रेडिओ या क्षेत्रांतून आला. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांत ठराविक अंतरावर जोडावयाच्या वेटोळ्यांसाठी लोहचूर्णाचे व पुढे मॉलिब्डेनम-पर्मलॉयच्या चूर्णाचे कंकणाकृती गाभे विकसित झाले होते. दुसरीकडे टोकिओ येथे कातो व ताकेई यांनी १९३० मध्ये, आणि त्यानंतर नेदरलँड्‌समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी फेराइट या लोह-ऑक्साइडयुक्त मृत्तिकासदृश पदार्थांचा पाया घातला. फेराइटचा रोध मोठा असल्याने आवर्त प्रवाह जवळजवळ नाहीसे होतात. मात्र पोलादी गाभा दीड टेस्लाच्या वर चुंबकीय घनता सोसतो, तर फेराइट साधारणतः ०.३ ते ०.४ टेस्लाला संपृक्त होतो, आणि तोही एकाएकी. म्हणून फेराइटच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते व शिखरप्रवाहाचा हिशेब काटेकोर करावा लागतो. प्रवर्तकाची निवड ही केवळ हेन्रीची निवड नसून अँपिअरचीही असते, हा धडा फेराइटने शिकविला. विद्यार्थी नेमका तोच विसरतात.

१९६९ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीसाठी रॉबर्ट विडलर यांनी स्विचन नियामकांच्या आराखड्यावर एक छोटेखानी टिपण लिहिले. त्यातील मंडलाला स्वतंत्र दोलक नव्हता. प्रदान दाब एका मर्यादेखाली गेला की स्विच लागे, दुसऱ्या मर्यादेवर गेला की सुटे. अशा मंडलात लहरीवरून धारित्र ठरवायचे म्हणणे उलटेच होते, कारण लहर नियंत्रकाने आधीच ठरविलेली असे. प्रवर्तक, धारित्र आणि धारित्राचा अंगभूत रोध मिळून ठरत असे ती वारंवारता.

ठराविक वारंवारतेचा काळ १९७० च्या दशकात स्थिरावला. सिलिकॉन शक्तिट्रान्झिस्टर वीस किलोहर्ट्‌झपर्यंत परवडण्याजोग्या हानीत चालू लागले होते, आणि हा आकडा मानवी श्रवणाच्या मर्यादेवरचा आहे. त्याखालच्या वारंवारतेला वेटोळे ऐकू येईल अशी शीळ घालते. वीस किलोहर्ट्‌झ ही त्या अर्थाने अर्धी सिलिकॉनने व अर्धी मनुष्याच्या कानाने घालून दिलेली मर्यादा होती. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल कंपनीचे रॉबर्ट मॅमानो यांनी रचलेले एसजी-१५२४ हे स्पंदरुंदी नियंत्रणाचे एकसंध मंडल बाजारात आले, आणि पूर्वी पुठ्ठाभर पसरणारी रचना एका चकतीत मावू लागली. पुढच्याच वर्षीच्या अ‍ॅपल-२ या संगणकातील रॉड होल्ट यांचा स्विचन पुरवठा लोकप्रिय इतिहासात फार गाजला आहे. तो बक जातीचा नसल्याने येथे त्याचा नुसता उल्लेख पुरे.

पॅसाडीना येथील दोन वाटा

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना या एकाच गावात त्याच दशकात या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी आकाराला आल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील कर्नल मॅक्लायमन (‘कर्नल’ हे त्यांचे नाव होते, हुद्दा नव्हे) यांनी १९७८ मध्ये रोहित्र व प्रवर्तक यांच्या आराखड्याचे हस्तपुस्तक प्रसिद्ध केले. गाभ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि तार गुंडाळावयाच्या खिडकीचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावरून गाभा निवडण्याची सारणीबद्ध पद्धत त्यात होती. कारागिराची विद्या तक्त्यांत बसविण्याचा तो प्रयत्न होता.

दुसरी दृष्टी आर. डी. मिडलब्रुक यांची. कॅल्टेकमध्ये त्यांनी प्रथम वेस्टर यांच्यासह व नंतर स्लोबोदान चुक यांच्यासह परिवर्तकाचे सरासरी प्रतिमान उभे केले; १९७६ मधील मिडलब्रुक-चुक निबंधाने ‘अवस्था-अवकाश सरासरी’ ही पद्धत रूढ केली. तिच्यामुळे प्रवर्तक आणि धारित्र यांच्याकडे केवळ लहर शमविणारे घटक म्हणून पाहणे अपुरे ठरले. ही जोडी मिळून एक अनुनादी गाळक बनते, ती नियंत्रण पाशात कलाविलंब आणते, आणि चुकीची मूल्ये घेतल्यास परिवर्तक आपणहून आंदोलू लागतो. त्याच वर्षी मिडलब्रुक यांनी आदान बाजूच्या गाळकाविषयीही सावधगिरीचा इशारा दिला. नियंत्रित परिवर्तक स्थिर शक्ती ओढतो, म्हणजे आदान दाब वाढला की प्रवाह कमी करतो. उगमाला तो ऋण रोधासारखा भासतो व निष्काळजीपणे लावलेल्या गाळकाला आंदोलनास प्रवृत्त करतो.

मॅक्लायमन यांची वाट कार्यशाळेत गेली, मिडलब्रुक यांची पदव्युत्तर वर्गात. १९८९ मध्ये नेड मोहन, उंडेलँड व रॉबिन्स यांचे पाठ्यपुस्तक आले, त्यात लहरीचे गणित आणि पाशाचे गणित एकाच ग्रंथात शेजारी आले. भारतातही ते पुस्तक मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. पण शिकविताना या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत, कित्येकदा दोन वेगळ्या सत्रांत पडतात, आणि जोडणी विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडली जाते.

आलेख, कोष्टके आणि लपलेला रोध

१९८० च्या दशकाअखेर स्विचन नियामक अशा लोकांच्या हाती पडले की ज्यांना चुंबकत्वाचे शिक्षण नव्हते व ते घेण्यास सवडही नव्हती. लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीच्या जिम विल्यम्स यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या टिपणाचे शीर्षकच ‘कवींसाठी स्विचन नियामक’ असे होते. (आपल्या भाषा विभागातील सहकाऱ्यांनी याचा राग मानू नये, विल्यम्स यांचा रोख भेदरलेल्या अभियंत्यांकडे होता.) प्रवर्तकाच्या निवडीची भीती गणिताने नव्हे तर मेजावरील प्रयोगाने घालवावी, निरनिराळी वेटोळी लावून दोलनदर्शकावर प्रवाहाचा आकार पाहावा, असा त्यांचा बाणा होता. १९९० च्या सुमारास नॅशनल सेमीकंडक्टरने एलएम-२५७५ व त्याच्या भावंडांच्या माहितीपत्रकांत याहून सोपा मार्ग दिला. आडव्या अक्षावर भारप्रवाह, उभ्या अक्षावर आदान दाब, मध्ये तिरप्या पट्ट्या. आपला बिंदू ज्या पट्टीत पडेल तिच्यावर लिहिलेले वेटोळे विकत आणावे. ठोकताळा येथे आलेख झाला आणि त्यामागचा दशांशाचा युक्तिवाद दृष्टीआड गेला.

याच मंडलाचे उदाहरण घेऊन हिशेब करून पाहू. आदान १२ व्होल्ट, प्रदान ५ व्होल्ट, भार १ अँपिअर, वारंवारता ५२ किलोहर्ट्‌झ. लहर तीस टक्के म्हणजे ०.३ अँपिअर धरल्यास प्रवर्तक सुमारे १८७ मायक्रोहेन्री येतो. बाजारात मिळणारे जवळचे मूल्य २२० मायक्रोहेन्री, आणि त्याने लहर सुमारे ०.२५ अँपिअर होते. आता धारित्र. प्रदान दाबातील लहर ५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक नसावी अशी अट घातली, तर लहरप्रवाहाला वारंवारतेच्या आठपटीने व दाबलहरीने भागण्याच्या प्रसिद्ध सूत्रानुसार ०.३ अँपिअरलाही साडेचौदा मायक्रोफॅरड पुरतात. असे असता त्या काळच्या प्रत्येक मंडलात ३३० मायक्रोफॅरडच्या आसपासचे धारित्र का दिसते?

उत्तर धारित्राच्या अंगभूत रोधात आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या विद्युत् विच्छेदी धारित्रात द्रवामुळे जो रोध येतो तो आकार वाढविल्याशिवाय कमी होत नाही. पंधरा मायक्रोफॅरडच्या सामान्य धारित्राचा रोध ओहममध्ये मोजावा लागे. लहर पन्नास मिलिव्होल्टांत राखायची तर तो ०.१७ ओहमपेक्षा कमी हवा. तेवढ्यासाठी ३३० मायक्रोफॅरड घ्यावे लागत. ०.१५ ओहम रोधाचे असे धारित्र घेतले, तर रोधामुळे होणारी लहर ३८ मिलिव्होल्ट भरते आणि धारकतेमुळे होणारी दोन मिलिव्होल्टही नसते. थोडक्यात, त्या पिढीने धारित्र निवडले ते धारकतेसाठी नव्हेच. मायक्रोफॅरडचा आकडा हा कमी रोध विकत घेताना सोबत आलेला जोडआकडा होता.

एवढेच असते तर प्रश्न सोपा होता. परंतु हाच ‘अवगुण’ नियंत्रण पाशाला आधार देत असे. २२० मायक्रोहेन्री व ३३० मायक्रोफॅरड यांची अनुनाद वारंवारता सुमारे ५९० हर्ट्‌झ येते; तेथून पुढे कला झपाट्याने मागे पडते. ०.१५ ओहमचा रोध मात्र सुमारे ३.२ किलोहर्ट्‌झपासून ती कला पुन्हा सावरू लागतो. नियामकाच्या आतील भरपाई या सावरण्याच्या भरवशावर आखलेली असे.

आमच्या प्रयोगशाळेत एका गटाने असेच मंडल उभारताना ३३० मायक्रोफॅरडच्या जागी २२ मायक्रोफॅरडचे मृत्तिका-धारित्र लावले. त्यांचा हिशेब बरोबर होता. सूत्रानुसार लहर अठ्ठावीस मिलिव्होल्टांत राहावयास हवी होती. प्रत्यक्षात पडद्यावर काही किलोहर्ट्‌झची मोठी डोलती लाट उमटली. पाच मिलिओहम रोधाच्या त्या धारित्राची सावरण्याची वारंवारता सुमारे १.४ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे स्विचाच्या वारंवारतेच्याही सत्तावीसपट वर गेली होती. पाशाला आधार उरला नव्हता. प्रयोगवहीत मात्र त्यांना ‘घटक सदोष’ असा शेरा मिळाला, आणि तो शेरा मीच दिला होता. पुढे काही महिन्यांनी माहितीपत्रक मुळापासून वाचताना चूक माझ्या ध्यानी आली. तोवर तो गट उत्तीर्ण होऊन गेला होता.

आकडा तोच, कारण निराळे

१९९० च्या दशकात डायोडच्या जागी दुसरा मॉसफेट लावण्याची समकालिक पद्धत रुळली. मॉसफेटमधून प्रवाह उलटही वाहू शकतो, त्यामुळे भार शून्यावर आला तरी प्रवर्तकातील प्रवाह तुटत नाही. क्रांतिक प्रवर्तकत्वाचा निकष त्या क्षणी निराधार झाला. दशांश भाराची चिंता संपली, तेव्हा वीस-तीस टक्क्यांचा आकडाही जावयास हवा होता. तो गेला नाही. त्याला नवे कारण मिळाले.

नवे कारण आकारमानाचे. प्रवर्तकाचा गाभा साधारणतः त्यात साठवावयाच्या शिखर-ऊर्जेच्या प्रमाणात मोठा लागतो. लहर दहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर नेली तर ही ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांवर उतरते. तीसवरून शंभर टक्क्यांवर नेली तर ती फार तर निम्मी होते, परंतु शिखरप्रवाह १.१५ पटीवरून दीडपट होतो व धारित्रावरील ताण लहरीच्या प्रमाणात वाढतो. संजय मणिकताला यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात हाच युक्तिवाद विस्ताराने मांडून ०.४ हे गुणोत्तर पुरस्कारिले. त्यांच्या वक्राला तीस-चाळीसच्या आसपास एक बाक आहे, पण तळ नाही. बाक कोठे मानावा ही सोयीची बाब आहे. गाभा स्वस्त व धारित्र महाग असेल तर माणूस वीसवर थांबेल, उलट असेल तर पन्नासवर.

आणि १९९५ नंतर संगणकाच्या प्रक्रियकाने हा समतोलच उलथून टाकला. पाच व्होल्टांवर चालणारे प्रक्रियक दशकभरात दीड व्होल्टाखाली उतरले आणि प्रवाह काही अँपिअरवरून पन्नासाच्या पुढे गेला. शिवाय तो प्रवाह क्षणार्धात चढे व उतरे. एक व्होल्ट प्रदान व एक मायक्रोहेन्री प्रवर्तक असेल तर प्रवाह दर मायक्रोसेकंदाला एकच अँपिअर घटू शकतो. भार पन्नासवरून पाच अँपिअरवर आला की पंचेचाळीस मायक्रोसेकंद जादा प्रवाह धारित्रात शिरत राहतो. दाब एक दशांश व्होल्टपेक्षा चढू नये तर सुमारे दहा हजार मायक्रोफॅरड हवेत. येथे लहरीवरून प्रवर्तक ठरविणे हेच मुळी चुकीचे आहे. प्रवर्तक लहान हवा, आणि लहर वाढली तर वाढो. व्हर्जिनिया टेक येथील फ्रेड ली व सहकाऱ्यांनी पुढे आणलेल्या बहुकला रचनेने यातून वाट काढली. चार परिवर्तक पाव-पाव आवर्तनाच्या अंतराने चालविले की त्यांच्या लहरी बऱ्याच अंशी परस्परांना छेदतात, आणि एकत्रित प्रवर्तकत्व मात्र पाव होते. वरील उदाहरणात दहा हजारांच्या ठिकाणी अडीच हजार मायक्रोफॅरड पुरे होतात.

तरीही अडीच हजार हा लहान आकडा नव्हे, आणि मुख्य फलकावर प्रक्रियकाभोवती उभ्या राहिलेल्या धारित्रांच्या रांगेने एक दुर्दैवी प्रकरण घडविले. रोध कमी करण्यासाठी विद्युत् विच्छेद्यात पाण्याचे प्रमाण वाढविले जात होते. पाणी अ‍ॅल्युमिनियमवर क्रिया करून हायड्रोजन सोडते व ती क्रिया रोखणारी द्रव्ये योग्य प्रमाणात नसतील तर धारित्र फुगते. १९९९ ते २००७ या काळात जगभर असंख्य संगणक यामुळे बंद पडले. महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांतही वर फुगलेले, डोक्यावरची चिरणी फाटून तपकिरी द्रव ओघळलेले कंडेन्सर अनेकांनी पाहिले असतील. पुण्यामुंबईच्या दुरुस्तीवाल्यांनी ते मोजून बदलले, आणि अंगभूत रोधाचे महत्त्व बऱ्याच प्राध्यापकांच्या आधी ओळखले. एकाच किमतीचा ‘साधा’ व ‘लो ईएसआर’ कंडेन्सर वेगळा असतो हे ते गिऱ्हाइकाला समजावून सांगत.

त्यानंतर बहुस्तरी मृत्तिका-धारित्रे स्वस्त झाली. रोध काही मिलिओहमवर आला, त्यामुळे धारकतेचे ते जुने सूत्र इतिहासात प्रथमच अक्षरशः लागू पडू लागले. पण येथेही मेख आहे. लहान आकाराचे मृत्तिका-धारित्र त्याच्या मानांकित दाबाच्या जवळ वापरले तर धारकता निम्मी किंवा त्याहूनही कमी होऊ शकते. अंगावर छापलेले (बहुधा छापलेलेही नसते) बावीस मायक्रोफॅरड पाच व्होल्टांखाली दहाच भरू शकतात. म्हणजे रोधाच्या जागी आता दाबाची अट आली.

वारंवारता वाढवून प्रवर्तक लहान करण्याची दिशा तिच्या टोकाला गेली ती २०१३ मध्ये. इंटेलच्या हॅसवेल प्रक्रियकांत परिवर्तक प्रक्रियकाच्या चकतीवरच नेला गेला. वारंवारता १४० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे आपल्या उदाहरणातील ५२ किलोहर्ट्‌झच्या सुमारे सत्तावीसशेपट, आणि प्रवर्तक म्हणजे वेष्टनातील तांब्याच्या पट्ट्या, गाभा नाहीच. पुढील वर्षी पातळ उपकरणांसाठीच्या ब्रॉडवेलमध्ये वेष्टन इतके पातळ करावे लागले की त्या पट्ट्यांना त्यात पुरेशी जागा उरली नाही. तेव्हा प्रवर्तक एका वेगळ्या चिमुकल्या फलकावर ठेवून तो प्रक्रियकाच्या खालच्या अंगाला बसविला गेला, आणि त्याला जागा व्हावी म्हणून संगणकाच्या मुख्य फलकाला तेवढे भोक पाडले गेले. २०१५ च्या स्कायलेकमध्ये परिवर्तक पुन्हा बाहेर, मुख्य फलकावर आला. २०१९ च्या आइसलेकमध्ये तो पुन्हा आत गेला.